येन्सिनेच्या मापाची होडी

कॉफीचा पहिला घोट ती उभ्यानेच घ्यायची. दुसऱ्या घोटाला बसायची.

टॉवेलची घडी घालण्याआधी तो नाकाशी धरायची. सगळे टॉवेल एकाच पावडरीने धुतलेले, एकाच यंत्रातून निघालेले. तरी प्रत्येक हुंगायची.

'हो' म्हणायचं तर भुवया उंचवायची, 'नाही' म्हणायचं तर नाक मुरडायची. ते आम्ही सगळेच करतो. पण ती फोनवरही तेवढंच करायची. पलीकडचा माणूस हॅलो, हॅलो करत राहायचा.

कोटाच्या खिशात सुके मासे असायचे. ती रस्त्याने निघाली की साखळीला बांधलेली कुत्री उठून उभी राहायची.

दारातून जाताना अंग तिरकं करायची. दार कितीही रुंद असो.

खिडकीतून बेटं मोजायची. धुक्यात काही दिसत नसलं तरी मोजायची. मी एकदा हसले तर म्हणाली, "दिसत नाहीत म्हणून कमी झाली का?"

येन्सिने गेली त्याला आज बावीस दिवस झाले. आधी सवयीच आठवतात. बाकीचं जुळवावं लागतं.

उत्तर टोकाच्या समुद्रावरच्या आसिआत गावातल्या वृद्धाश्रमात लाँड्रीचं काम आम्ही दोघी करायचो. ती एकोणसाठची, मी सव्वीसची. मी राजधानी नूकहून साहित्याची पदवी घेऊन आले होते आणि मला चादरीचे कोपरे जुळवता येत नव्हते. "पदवीवाले, कोपऱ्याला कोपरा," ती म्हणायची. "आधी घडी शीक, मग कविता." मी तिला मावशी म्हणायचे. नात्याने ती माझी कोणी नव्हती.

त्याआधी तिने बावीस वर्षं कोळंबी सोलली होती. नवरा होता, मिकाएल नावाचा. तो सिसिमिउतला निघून गेला तेव्हा म्हणाला होता, "या घरात मी दुसरा नवरा आहे. पहिला कोण ते मला कधी कळलंच नाही." हे सांगताना येन्सिने पोट धरून हसायची.

त्या हसण्यामागची गोष्ट अशी. येन्सिनेच्या आईचा धाकटा भाऊ येन्स. चोवीस वर्षांचा, बारीक अंगाचा, गावातला चांगला शिकारी. एका सप्टेंबरात तो सील मारायला गेला आणि आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याची कयाक, एकाच माणसाची ती अरुंद होडी, काळी पाठ नावाच्या बेटामागे सापडली. उलटलेली नव्हती. सरळ, रिकामी, शांत पाण्यात उभी. त्याच हिवाळ्यात ही जन्मली आणि तिला त्याचं नाव ठेवलं. आमच्याकडे नाव एकटं येत नाही. माणूस बरोबर येतो. आजी तिला शेवटपर्यंत 'माझा लेक' म्हणाली. आई तिला 'भाऊ' म्हणायची. आणि येन्सची बायको दोर्थे, तेव्हा एकवीस वर्षांची, बारशाला पुरुषांचे सीलच्या कातड्याचे हातमोजे घेऊन आली. पाळण्याशी वाकून म्हणाली, "अहो, हात गार पडले असतील."

दोर्थेने पुन्हा लग्न केलं नाही. कशी करणार? नवरा पाळण्यात होता.

आईने येन्सिनेला कयाकमध्ये कधी पाऊल ठेवू दिलं नाही. मोटरबोट चालेल, कयाक नाही. "एकदा बुडालास तेवढं पुरे झालं," ती म्हणायची. लहानपणी येन्सिने चर्चमागच्या खडकावर बसून कयाकवाल्यांकडे बघत राही. "त्यांना पाय नसायचे," तिने मला सांगितलं. "कमरेपर्यंत माणूस आणि कमरेखाली समुद्र. मला वाटायचं, तसं असावं. आपल्याला खाली काही नसावं."

आई नव्वदाव्या वर्षी वारली. दफन झालं, कॉफी झाली, लोक घरी गेले. तिसऱ्या आठवड्यात चादरी दुमडताना येन्सिने म्हणाली, "पोरी, मला होडी घ्यायची आहे. सुपरमार्केटात एक चिठ्ठी लागली आहे."

चिठ्ठी एनोकची होती. 'कयाक विकणे आहे. लाकडी सांगाडा, वर कॅनव्हास. होडी बरी, मालक जाड, खांदा मोडलेला.'

एनोक वीजघरात कामाला. खरोखरच जाड. त्याच्या शेडमध्ये दोन लाकडी घोड्यांवर ती होडी पालथी पडली होती, करड्या रंगाची, झोपलेल्या जनावरासारखी. ऑगस्ट संपत आला होता. दाराबाहेर पाणी हलत नव्हतं आणि बेटं खालीही होती, वरही होती.

"याआधी कधी जुनी होडी घेतली आहेस?" एनोकने विचारलं.

येन्सिनेने नाक मुरडलं.

"नवी?"

पुन्हा नाक.

"म्हणजे पहिलीच. साठीला आलीस तरी पहिलीच! बरं. रंगाकडे बघू नकोस. रंग मी परवाच लावलाय, तुझ्यासारख्यांना फसवायला. आत डोकं घाल. उजेड दिसतो का कुठे?"

तिने होडीत डोकं घातलं. बराच वेळ बाहेर काढलं नाही.

"दिसतो का?"

आतून आवाज आला, "नाही. पण छान आहे इथे."

"राहायला नाही जायचंय! वास घे. कुजका आहे?"

"तुझा आहे."

"तो जाणार नाही. आता एक डोळा मीट आणि टोकापासून टोकापर्यंत बघ. कणा वाकडा आहे का? फासळ्या अंगठ्याने दाब. कॅनव्हास नखाने. शिवण बघ, खास करून मागच्या बाजूची, तिथे मी किनाऱ्यावर ओढतो तेव्हा घासते. हे सगळं बघायचं आणि सगळं विसरायचं. शेवटी बसून बघायचं. बाकी काहीही दुरुस्त होतं. बसणं दुरुस्त होत नाही."

आमच्याकडे कयाक माणसाच्या अंगावर बेततात. लांबी पसरलेल्या हातांच्या तीन वावांइतकी. रुंदी कमरेएवढी, वर दोन्हीकडे एकेक मूठ. बसायचं कडं कोपरापासून बोटांपर्यंतच्या मापाचं. मांड्यांवरून जाणारी लाकडी कमान अशी, की मांड्या तिला आतून दाबून धरतील आणि होडी अंगाबरोबर हलेल. त्यामुळे जुनी कयाक घेणं म्हणजे दुसऱ्याच्या अंगात शिरणं.

एनोकने होडी सरळ करून जमिनीवर ठेवली. ती बसली. पाय आत गेले. बाजूंना जागा उरली.

"सैल आहे," ती म्हणाली.

"माझ्या बुडाचा साचा आहे, सैल असणारच. दोन टॉवेल कोंब. लाँड्रीत काम करतेस ना?"

ती उठली नाही. हातात वल्हं नव्हतं तरी हात हलवून बघितले. दाराबाहेर बेटं तशीच उलटी होती. एनोकने माझ्याकडे बघून डोळा मारला. मला वाटलं, झालं, घेतली.

ती म्हणाली, "मी उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी दोर्थेला कळलं होतं. वृद्धाश्रमात काही लपत नाही. दोर्थे तिथेच राहायची, समुद्राकडच्या खोलीत. ऐंशी वर्षांची, हाडकुळी, वेणी अजून कमरेपर्यंत. ती काठी टेकत लाँड्रीत आली आणि येन्सिनेसमोर उभी राहिली.

"अहो, दुसऱ्याची होडी कशाला? तुमची आहे ना."

"कुठली माझी?"

"तुम्ही सोडून गेलात ती. मी ठेवली आहे."

खरंच ठेवली होती. कातडं एका वाईट हिवाळ्यात कुत्र्यांनी खाल्लं होतं, पण लाकडाचा सांगाडा दोर्थेच्या भाच्याच्या माळ्यावर साठ वर्षं टांगलेला होता. वाहून आलेलं लाकूड, सीलच्या कातड्याच्या पट्ट्यांनी बांधलेलं. एक खिळा नाही. भाच्याने तो शनिवारी आश्रमाच्या अंगणात आणून ठेवला. ऊन होतं. म्हातारी माणसं खुर्च्या टाकून बसली. स्वयंपाकघरातून कॉफी आणि मनुकांचा केक आला, वाढदिवसाला येतो तसा.

सगळ्यांना ठाऊक होतं की ती बसणार. कोणाच्या मनात शंकाच नव्हती. माझ्याही नाही. होडी येन्सची, आणि येन्स आलेला. बसणारच. कोणी हेही म्हणालं नाही की आधी मोजून बघू. एनोक आला होता, ज्याने चाळीस होड्या बांधल्या होत्या, तोही नाही.

येन्सिनेने बूट काढले. कड्यात पाय घातले. खाली सरकली आणि कमरेशी अडकली.

"जोर लावा," दोर्थे म्हणाली.

तिने जोर लावला. सांगाडा करकरला.

"श्वास सोड!" एनोक ओरडला.

तिने श्वास सोडला. काही झालं नाही. मग बाहेर यायला बघितलं, तेही होईना. स्वयंपाकघरातल्या दोघींनी तिला काखेत धरलं, मी मागून कडं धरलं. म्हातारे हसू लागले. एकाचे दात कॉफीत पडले. येन्सिने स्वतः इतकी हसत होती की तिला सोडवणं आणखी कठीण झालं.

दोर्थे हसली नाही. जवळ येऊन तिने येन्सिनेच्या कमरेवर हात ठेवला, मग सांगाड्याच्या कड्यावर.

"अहो," ती म्हणाली, "तिकडे काय खात होता तुम्ही?"

येन्सिनेचं हसू थांबलं.

एनोक म्हणाला, "कापता येईल. आडव्या पट्ट्या बदलायच्या, कडं नवं वाकवायचं. दोन दिवसांचं काम."

"नको," येन्सिने म्हणाली. "कापलं तर त्याचं माप जाईल."

"तुमचं," दोर्थे म्हणाली.

"हो. माझं."

त्या दिवशी ती एवढंच बोलली. सोमवारपासून जेवण कमी केलं.

तो हिवाळा मला एका लांब दुपारसारखा आठवतो. सूर्य काही आठवड्यांसाठी गेला, परत आला, लाँड्रीची काच वाफेने कायम धूसर. येन्सिने कोरी कॉफी प्यायची. सीलच्या रश्श्यावरची चरबी चमच्याने बाजूला काढायची. वाढदिवसांच्या घरी व्हेलची कातडी समोर आली की नाक मुरडायची आणि यजमानीण दुखावायची. खिशातले सुके मासे कुत्र्यांना वाटून टाकायची. दोर्थे रोज दुपारी दोनला लाँड्रीत येऊन स्टुलावर बसायची आणि तिच्या कमरेकडे बघायची.

"उतरलात थोडे," म्हणायची. "गालावर दिसतं."

"गालाने थोडीच बसायचंय, दोर्थे."

"उतराल हो. लग्नात तुमचा पट्टा माझ्या साडेतीन वितींचा होता."

मी विचारलं, "मावशी, तुला कुठली हवी आहे?"

"मला पाण्यावर जायचं आहे."

"ते नाही विचारलं."

तिने चादरीचं टोक माझ्या हातात दिलं. आम्ही दोघींनी चादर ताणली. तिच्या बाजूने ती जरा जास्तच ताणली गेली. "पोरी, ती ऐंशीची आहे," ती म्हणाली. "साठ वर्षं माझी वाट बघते आहे. मी रोज तिच्यासमोर असते आणि ती माझी वाट बघते. त्या होडीतून मी एकदा किनाऱ्याला लागले की तिचं संपेल. आणि मी बसत नाही."

मार्चमध्ये एनोक लाँड्रीत डोकावला. "इलुलिस्सातच्या एका मास्तरने माझी होडी मागितली आहे. मेमध्ये पहिलं जहाज आलं की चढवतो. तुला नको ना?"

येन्सिनेने भुवयाही उचलल्या नाहीत, नाकही मुरडलं नाही. एनोक थोडा वेळ थांबला. "तुझा चेहरा बंद पडलाय," म्हणाला आणि गेला.

एप्रिलच्या शेवटी तिने मला अंगणात बोलावलं. कोणाला सांगितलं नव्हतं. सांगाडा तिथेच होता, कापडाखाली. बर्फ वरून मऊ आणि खालून कडक. त्या दिवसांत समुद्रावर थंड हवा साचते आणि बेटं पाण्यापासून सुटून वर तरंगतात. तशी ती तरंगत होती. खाली आकाशाची एक पट्टी, वर बेट.

आठ महिन्यांत ती बरीच उतरली होती. बूट काढले. कड्यात पाय घातले. खाली सरकली.

कंबर आत गेली.

मी टाळी वाजवणार होते. तिने हात वर केला. पाय पुढे सरळ होत नव्हते. मांड्या कमानीखाली जात नव्हत्या. गुडघे पोटाशी घेऊन ती त्या लाकडी फासळ्यांत बसून राहिली. फासळ्यांमधून बर्फ दिसत होता. पुढचं एक आडवं लाकूड दोन ठिकाणी गुळगुळीत झालेलं होतं, जिथे येन्सच्या टाचा टेकायच्या. तिच्या टाचा तिथवर पोचत नव्हत्या. येन्स बारीक होता, पण उंच होता.

"मांस कमी होतं," ती म्हणाली. "हाडं नाही होत."

"मावशी, ऊठ. गारठशील."

"थांब जरा. इथे कोणीतरी बसलेलं आहे." घाबरलेली नव्हती. बसमध्ये एखाद्या जागेवर रुमाल ठेवलेला दिसावा, तसं बोलली. "चोख बसलाय. कुठे बोट घालायला फट नाही. मी कुठे बसू?"

मग ती उठली, कापड नीट पांघरलं, बूट घातले आणि थेट एनोकच्या शेडकडे चालू लागली. मी मागे. वाटेत एका दारात थांबून तिने शेजारणीकडे खायला मागितलं. शेजारणीने व्हेलची कातडी दिली. ती तिने चालता चालता चावून खाल्ली.

एनोकच्या होडीत बसली. खिशातून दोन फाटके टॉवेल काढले, बाजूंना कोंबले. म्हणजे सकाळी निघतानाच तिने ते खिशात घातले होते. पाय लांब केले. मांड्या कमानीला लागल्या.

"आता?" एनोकने विचारलं.

"तू पण आहेस यात," ती म्हणाली. "पण सरकून बसतोस."

"इलुलिस्सातच्या मास्तरला काय सांगू?"

"त्याच्याहून जाड गिऱ्हाईक आलं म्हण."

तिने जुनी, सैल, दुसऱ्याचा वास असलेली होडी घेतली. मला वाटलं, सोपं झालं. पण ते दोर्थेला सांगणं बाकी होतं. त्यासाठी तिने चार दिवस घेतले. पाचव्या दिवशी दुपारी दोनला, इस्त्री बंद करून, स्टुलासमोर खाली बसली.

"दोर्थे, मी एनोकची घेतली."

दोर्थे नेहमीसारखी तिच्या कमरेकडे बघत होती.

"तुझ्या होडीत मी बसत नाही. अजून उतरले तरी नाही बसणार. मी त्याच्याएवढी नाही."

"तुम्ही..." दोर्थेने सुरुवात केली आणि थांबली. तिने येन्सिनेकडे बघितलं. पायांपासून बघत वर आली. कंबर, हात, पांढरे होत आलेले आखूड केस. चेहऱ्यावर खूप वेळ थांबली. मग काठी घेतली आणि गेली.

त्यानंतर सहा आठवडे दोनला स्टूल रिकामं. येन्सिने तरी दोनला इस्त्री बंद करायची.

जूनमध्ये ती पाण्यावर गेली. एनोकने किनाऱ्यालगत दहा दिवस शिकवलं, कंबरपट्टीला दोर बांधून. पालथं होणं जमलं, वर येणं निम्मं जमलं. अकराव्या दिवशी दोर सोडला. धुकं होतं, पातळ, उन्हाने भरलेलं. ती वीस वल्ही गेली आणि पाण्याची रेघ पुसली गेली. आम्हाला ती हवेत दिसत होती, कमरेपर्यंत. वल्ह्याचे थेंब पडल्याचा आवाज यायचा, मग तोही नाही. एनोक खडकावर बसून सिगारेट ओढत राहिला. "जाड माणसं छान तरंगतात," म्हणाला.

त्याच दुपारी दोर्थे लाँड्रीत आली. स्टुलावर बसली. येन्सिनेचे केस ओले होते.

"येन्सिने," दोर्थे म्हणाली, "अगं, केस पूस. सर्दी होईल."

इस्त्री चादरीवर तशीच राहिली. मी ती उचलली. एक तपकिरी डाग पडला होता.

साठ वर्षांत दोर्थेने तिला कधी येन्सिने म्हटलं नव्हतं.

"हो, मामी," येन्सिने म्हणाली. तिनेही कधी मामी म्हटलं नव्हतं. नात्याने दोर्थे तिची मामीच होती.

संध्याकाळी बसची वाट बघताना येन्सिने म्हणाली, "आज माझं बारसं झालं." हसत म्हणाली. आणि स्वयंपाकघरातल्या बायकांनी मला सांगितलं की जेवताना दोर्थे म्हणाली होती, "मी आता विधवा झाले बरं का." मग तिने रस्सा दुसऱ्यांदा मागून घेतला. येन्सचा सांगाडा तिने भाच्याला परत माळ्यावर टांगायला लावला.

त्यानंतर दोर्थे रोज येऊ लागली, आणि आता ती विचारायची. आधी कधी विचारलं नव्हतं.

"आत बसल्यावर ऐकू काय येतं?"

"पाणी, मामी. कातड्याला घासतं ते. म्हणजे कॅनव्हासला. मांजर भांडं चाटतं तसं."

"मला वाटायचं आवाजच नसतो. तो घरी आला की बोलायचा नाही. जेवायचा आणि झोपायचा. मी त्याच्या होडीची तीन कातडी शिवली, एक थेंब आत गेला नाही, आणि तिथून काय दिसतं ते मला ठाऊक नाही."

"खूप खालून दिसतं. हिमनग वरून वाकून बघतो."

"भीती?"

"असते. पण मांडीत असते. डोक्यात नाही."

दोर्थे डोळे मिटून ऐकायची. येन्सिने बोलायला शिकत गेली. तिला मोठी वाक्यं यायची नाहीत. एकदा कॉफी उभ्याने घेत, काचेकडे बघत तिने सीलबद्दल सांगितलं. ते तिच्या मागे मागे येत राहिलं आणि ती थांबली की थांबायचं. मी घडी घालायची विसरले. "पदवीवाले, कोपरे," ती म्हणाली.

ऑगस्टमध्ये दोर्थे म्हणाली, "काळ्या पाठीच्या मागे जाशील?"

लाँड्रीत यंत्र फिरत होतं. येन्सिनेने ते थांबू दिलं.

"होडी जिथे सापडली तिथे. पुरुष गेले होते तेव्हा. मला नेलं नाही. परत येऊन कोणी काही सांगितलं नाही. होडी सरळ होती, एवढंच म्हणाले. सरळ कशी राहिली? ती जागा कशी आहे? मला त्याचं काही आणून नकोय गं. ती जागा तेवढी बघून ये आणि मला सांग. होडीतून दिसते तशी."

येन्सिनेने भुवया उंचवल्या.

तिने घाई केली नाही. आधी जवळच्या बेटाला वळसा, मग पुढच्या. वारा बघून, एनोकला विचारून. सप्टेंबरच्या एका बुधवारी समुद्र तेलासारखा झाला आणि ती निघाली. एनोक मोटरबोटीने दुरून बरोबर होता. बेटामागे समुद्री गवत दाट आहे, पंखा अडकतो, म्हणून तो टोकाशी थांबला. "ती खडकाला लागून वळली," तो सांगतो. "मग दिसली नाही. चाळीस मिनिटं. मी घड्याळ बघत होतो. मग आली. मी विचारलं, ठीक? तिने भुवया वर केल्या. परत येताना एक शब्द नाही. पण वल्हं असं चालत होतं, मी तिला इतकं चांगलं शिकवलेलं नाही."

गुरुवारी दोर्थे दोनच्या आधीच आली होती. शाल, केस विंचरलेले.

येन्सिनेने इस्त्री बंद केली. दोर्थेचे गुडघे तिच्या गुडघ्यांना लागतील अशी बसली आणि सांगू लागली. किनारा सोडला तिथपासून. दोर्थे काही गाळू देईना.

"पाणी कुठल्या रंगाचं?"

"किनाऱ्याशी हिरवं. मग काळं. पण काळ्यात आकाश."

"वारा?"

"नव्हता. आपण चाललोय म्हणून गालाला लागेल तेवढाच."

"सावकाश सांग. घाई आहे का कुठे?"

तिने सावकाश सांगितलं. पहिलं बेट, तिथले पक्षी, एक हिमनग जो आतून निळा होता आणि टपटपत होता. दुसरं बेट. मग मोकळं पाणी, जिथे तिला वाटलं की ती हलत नाहीये, काळी पाठच तिच्याकडे येते आहे. मग टोकाचा तो खडक. डावीकडे ठेवून ती वळली. वल्हं आडवं धरलं. होडी आपोआप आत सरकली.

तेवढ्यात तीन वाजले. बस साडेतीनची असते, आणि अजून एका यंत्रातल्या चादरी काढायच्या होत्या.

"पुढचं उद्या, मामी," ती म्हणाली. "ते नीट सांगायचं आहे. मला शब्द शोधू दे."

"शोध," दोर्थे म्हणाली. "साठ वर्षं थांबले, एक रात्र काय."

शुक्रवारी येन्सिने आली नाही. मी फोन केला, उचलला नाही. तिच्या घरी गेले. ती खिडकीजवळच्या खुर्चीत होती, एका पायात बूट. डॉक्टर म्हणाले हृदय, पहाटे, कळलंही नसेल. कॉफीचा कप अर्धा होता.

एनोकला विचारलं. त्याने काही बघितलं नाही. तिच्या घरी काही लिहून ठेवलेलं नाही. ती कधीच लिहायची नाही. मला त्या दिवशी बसमध्ये विचारता आलं असतं. मी विचारलं नाही, कारण ते आधी दोर्थेला सांगायचं होतं.

दोर्थे दोनला येते. स्टुलावर बसते. मी इस्त्री बंद करते आणि जेवढं ऐकलं तेवढं सांगते. किनारा, हिरवं पाणी, काळं पाणी, टपटपणारा हिमनग. ती मध्ये मध्ये मला दुरुस्त करते. "आधी पक्षी, मग हिमनग." आम्ही टोकाच्या खडकापाशी येतो. तो डावीकडे ठेवून येन्सिने वळते. वल्हं आडवं धरते. होडी आत सरकते.

तिथून पुढचं सांगायचं राहिलं आहे.